सीडीईएच्या ड्रममध्ये नारळ किती आणि अमाइन किती?

प्रश्न असा आला आहे: एकाच शेडमध्ये दोन माल बनतात, भांडी घासायचे लिक्विड आणि लेथ-ड्रिलिंगसाठी पाण्यात कालवायचे कूलंट. दोन्हींत कोकोनट डायइथेनॉलअमाइड पडते, म्हणजे सगळे ज्याला सीडीईए म्हणतात ते. पुरवठादार म्हणतो, ‘नारळाच्या तेलाचे आहे, अंगाला लागले तरी काही होत नाही.’ सेफ्टी डेटा शीटवर मात्र डोळ्यांना गंभीर इजा असे छापलेले, आणि कुठेतरी कर्करोग हा शब्दही वाचनात आलेला. कोणाचे खरे मानायचे, काळजी कशी घ्यायची, आणि रिकामे झालेले ड्रम पाणी साठवायला वापरले तर चालतील का?

आधी सर्फॅक्टंट, म्हणजे फेस आणि सफाई देणारी साबणी रसायने, बनवण्यात आणि नंतर ते वापरून माल बनवण्यात माझी २६ वर्षे गेली. पुरवठादार खोटे बोलत नाही आणि डेटा शीटही उगाच घाबरवत नाही. घोळ आहे तो ‘नारळाचे’ या शब्दात.

खोबरेल तेलातल्या मेदाम्लांत निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते. त्याचा रेणुभार २००. त्याला डायइथेनॉलअमाइन, म्हणजे डीईए, जोडले जाते. त्याचा रेणुभार १०५. जोडणी होताना पाण्याचे १८ निघून जातात आणि उरतो २८७ चा अमाइड. या २८७ मधले १०५ अमाइनकडून आलेले, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. हे अमाइन कुठल्या झाडाला लागत नाही, ते इथिलीन ऑक्साइड आणि अमोनियापासून बनते. तरी जोडले गेलेले अमाइन ही फारशी चिंतेची गोष्ट नाही. चिंता असते ती न जोडता तसेच मोकळे राहिलेल्या डीईएची. तुमच्या ड्रममध्ये ते किती आहे, यावर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून आहे, आणि खरेदी करताना नेमके तेच कोणी विचारत नाही. सगळे रंग बघतात, दोन बोटांत घेऊन चिकटपणा बघतात आणि ड्रम उतरवून घेतात.

सीडीईए दोन प्रकारचे मिळते. जुनी पद्धत वुल्फ क्रिचेव्स्की यांची, १९३७ च्या पेटंटची. तिच्यात एक भाग मेदाम्लाला दोन भाग डीईए घेऊन तापवतात. माल पाण्यात झटकन विरघळतो, पण त्यात पाव भागाच्या आसपास मोकळे डीईए राहू शकते. दुसरा प्रकार एकास एक, बाजारात ज्याला सुपर अमाइड म्हणतात तो. मेदाम्लाच्या मिथाइल एस्टरपासून नीट बनवला तर त्यात अमाइड ९० टक्क्यांच्या वर जाते आणि मोकळे डीईए चार-पाच टक्क्यांवर येते. थेट तेलापासून बनवलेला एक मधला प्रकारही असतो. त्यात तेलातले ग्लिसरीन तसेच राहते, साधारण साडेनऊ टक्के. ग्लिसरीनने अपाय काही नाही, पण तेवढा माल दाटपणाच्या कामाचा नाही हे भाव ठरवताना लक्षात ठेवावे.

मोकळे अमाइन मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. शंकूपात्रात एक-दोन ग्रॅम नमुना नेमका तोलून घ्या, पन्नासेक मिलीलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवा, ब्रोमोफिनॉल ब्लूचे चार थेंब टाका आणि ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट करा. निळा रंग हिरवटावर आला की हात आवरता घ्यायचा आणि पिवळा झाला की थांबायचे. लागलेले आम्ल आणि नमुन्याचे वजन यांवरून काढलेली अमाइन व्हॅल्यू, म्हणजे दर ग्रॅमला मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड, हिला ०.१८७ ने गुणले की डीईएची टक्केवारी मिळते. अमाइन व्हॅल्यू २५ आली तर डीईए ४.७ टक्के, १४० आली तर २६ टक्के, मग लेबलवर काहीही लिहिलेले असो. या पद्धतीत अमाइन एस्टरही मोजले जातात, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच येतो. सुरक्षेच्या हिशेबाने ती चूक चांगल्या बाजूची.

आता हे वापरतातच कशाला? कारण स्वस्तात तीन-चार कामे करणारी अशी वस्तू कमी आहे. साबणाच्या द्रवात ते फेस वाढवते, तेलकट भांड्यावरही तो टिकवते, आणि मीठ घातल्यावर द्रव दाट करते. कापड उद्योगात सूत आणि लोकर धुण्याच्या द्रवात, तंतूंना तेल देण्याच्या मिश्रणात असते. खनिज तेलाचे पाण्यात इमल्शन करायला, गाड्या धुण्याच्या द्रवात, ग्रीस काढणाऱ्या क्लीनरमध्येही पडते. धातुकामात त्याचे मोल वेगळे: ते तेल पाण्यात धरून ठेवते, थोडे वंगण देते आणि लोखंडावर गंज येऊ देत नाही. तांबे-पितळेशी मात्र त्याचे जमत नाही. अमाइन तांब्याला खाते आणि द्रवाला निळसर हिरवी झाक येते. म्हणून पितळी कॉक, तांब्याची नळी, जस्त चढवलेली बादली या मालाजवळ आणू नका. स्टेनलेस स्टील किंवा एचडीपीई प्लास्टिक, बस.

भांड्यांच्या लिक्विडमध्ये क्रम चुकला की माल बिघडतो आणि धोकाही वाढतो. अ‍ॅसिड स्लरी (डिटर्जंटचे आम्लरूपातले कच्चे द्रव्य) वापरत असाल तर आधी ती कॉस्टिकने पूर्ण न्यूट्रल करा, पीएच बघा, आणि मगच सीडीईए घाला. न्यूट्रल न झालेल्या स्लरीत सीडीईए ओतले तर मोकळे अमाइन आम्लाशी भिडते, बॅच तापते आणि मोजमाप सगळे कोलमडते. थंड पाण्यात सीडीईए सोडले तर त्याच्या दोऱ्या आणि गोळे होतात, जे तासभर फिरत राहतात. ४० ते ४५ अंशांच्या द्रवात ते सहज मिसळते. प्रमाण दोन ते तीन टक्के पुरते. सीडीईएमुळे पीएच ९ च्या आसपास चढतो, तो सायट्रिक आम्लाने ७ ते ७.५ वर आणा. मीठ सर्वांत शेवटी, तेही कोरडे टाकू नका; पाण्यात विरघळवून थोडे थोडे घाला, आणि दर वेळी ढवळणी बंद करून हवा वर येईपर्यंत थांबा. आमच्याकडे नवा माणूस आला की हमखास हीच चूक करायचा: दाट होईना म्हणून मीठ, अजून मीठ, आणि मग माल एकदम पाण्यासारखा. मिठाने दाटपणा एका टोकापर्यंतच चढतो, त्यापुढे जितके मीठ घालाल तितका उतरतो. त्या टोकाच्या जरा अलीकडेच थांबायचे, नाहीतर थंडीत माल गढूळ होतो.

पुढची गोष्ट कुठलीही घाई न करता वाचा. मोकळे डीईए हे दुय्यम अमाइन आहे. दुय्यम अमाइनला नायट्राइट भेटले की एन-नायट्रोसोडायइथेनॉलअमाइन हे नायट्रोसअमाइन तयार होते. प्राण्यांमध्ये ते कर्करोगकारक ठरलेले आहे आणि एकदा तयार झाले की सहज जात नाही. म्हणजे माझ्या मते या रसायनाचा खरा धोका ते स्वतः नाही, तर त्याला कोणाची सोबत मिळते हा आहे. आणि नायट्राइट चोरपावलांनी येते.

लिक्विडमध्ये ते येते प्रिझर्व्हेटिव्हमधून. ब्रोनोपॉल हे नाव तुमच्या फॉर्म्युल्यात असेल तर आजच काढा. ते विघटित होताना नायट्राइट सोडते आणि फॉर्मल्डिहाइडही. अमाइन असलेल्या मालात त्याला जागा नाही. फिनॉक्सीइथेनॉल चालते. सीएमआयटी-एमआयटी ही प्रिझर्व्हेटिव्हची जोडी वापरणार असाल तर पीएच ८ च्या खाली ठेवा, कारण अल्कधर्मी द्रवात आणि अमाइनपुढे सीएमआयटी टिकत नाही. मग महिन्याभरात बाटलीला वास मारतो आणि दोष सुगंधाला दिला जातो.

कूलंटमध्ये नायट्राइट येण्याच्या वाटा जास्त. पूर्वी गंजरोधक म्हणून सोडियम नायट्राइट सर्रास घालत. काही ठरावीक अमाइन क्षार आणि अमाइड असलेल्या धातुकाम द्रवांत नायट्रोसेटिंग, म्हणजे नायट्राइटसारखे नायट्रोसअमाइन बनवणारे, पदार्थ मिसळण्यावर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८४ मध्ये बंदी घातली, ती याच कारणाने. आज फॉर्म्युल्यात कोणी लिहून नायट्राइट घालत नाही. पण उष्णतासंस्काराच्या क्षारभट्टीतून आलेल्या जॉबवर ते चिकटलेले असते. वापरलेल्या पाण्यात नायट्रेट असेल तर संपमधले, म्हणजे मशीनच्या कूलंट-टाकीतले, जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. गंजू नये म्हणून नायट्राइटने धुतलेल्या लोखंडी ड्रममधूनही ते येते. कूलंटमध्ये फॉर्मल्डिहाइड सोडणारे बायोसाइड (जंतुनाशक) असेल तर ही अभिक्रिया अल्कधर्मी द्रवातही सुकर होते. एरवी ती आम्लात वेग घेते, म्हणून ‘आपले कूलंट तर पीएच ९ चे आहे’ या समजुतीवर निर्धास्त राहू नका.

उपाय सोपा आहे. नायट्राइटच्या चाचणी-पट्ट्या मिळतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक संपमध्ये पट्टी बुडवायची, रंग जुळवायचा, तारखेसह वहीत लिहायचे. जर्मनीच्या नियमावलीत लिटरला २० मिलिग्रॅम नायट्राइट ही मर्यादा धरलेली आहे. तिच्या वर गेले तर पाणी बदला किंवा संप रिकामा करा. निव्वळ पाणी घालून पट्टी फिकट करण्यात अर्थ नाही. हा उद्योग मी स्वतः एकदा पकडला आहे. वहीतले सगळे आकडे सुरेख होते आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे कूलंटची टक्केवारी दाखवणाऱ्या उपकरणावर, कूलंट दीड टक्क्यावर आलेले.

सौंदर्यप्रसाधनांसाठी युरोपचे नियम या प्रकारच्या अमाइडला कच्च्या मालात दुय्यम अमाइन ५ टक्क्यांपर्यंत, तयार मालात ०.५ टक्का आणि नायट्रोसअमाइन किलोला ५० मायक्रोग्रॅमपर्यंत एवढीच मुभा देतात, वर नायट्राइट नसलेल्या भांड्यात ठेवायची अट. तुमचा माल प्रसाधन नाही, पण भांडी घासणारा हात तासन्‌तास त्याच पाण्यात असतो. मी खरेदीला हाच ५ टक्क्यांचा आकडा लावतो.

कर्करोगाबद्दल जे वाचलेत ते बहुधा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण असणार. या संस्थेने सीडीईए आणि डीईए दोन्ही २बी गटात टाकले आहेत, म्हणजे ‘माणसांत कर्करोगकारक असण्याची शक्यता’. कॅलिफोर्नियानेही २०१२ मध्ये सीडीईए आपल्या यादीत घेतले. पाया आहे अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाचा २००१ चा अभ्यास. त्यात दोन वर्षे उंदरांच्या कातडीवर सीडीईए लावले आणि यकृताच्या गाठी वाढल्या, नरांत मूत्रपिंडाच्याही. पण ज्या नमुन्यावर हा अभ्यास झाला त्यात मोकळे डीईए सुमारे १८ टक्के होते. डीईए शरीरातल्या कोलीन या पोषकद्रव्याच्या कामात अडथळा आणते असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते, आणि त्या बाबतीत उंदीर माणसापेक्षा हळवे मानले जातात. माणसांबद्दलचा पुरेसा पुरावा नाही. म्हणून मी कामगारांना सांगतो ते इतकेच: हे तंबाखूच्या रांगेतले नाही, पण रोज कोपरापर्यंत हात बुडवून ढवळायच्या लायकीचेही नाही. डीईए कातडीतून आत जाते.

रोजच्या कामात आधी दुखापत होते ती डोळ्याला. घट्ट सीडीईएचा एक थेंब बुबुळाला खरोखर इजा करतो, आणि चिकट असल्याने पाण्याने पटकन सुटत नाही. एका कारखान्यात हिवाळ्यात ड्रम घट्ट झाला म्हणून रात्रपाळीने त्याला हीटरचा पट्टा बांधला, बूच मात्र आवळलेलेच. सकाळी एकाने पाना लावून बूच फिरवले तर फसकन आवाज झाला आणि पिवळी धार त्याच्या गालावरून कपाळापर्यंत गेली. त्याने गॉगल लावला होता तो केवळ आदल्या दिवशी ओरडा खाल्ला म्हणून. गॉगलच्या काचेवर जाड सायीसारखा थर बसलेला मी पाहिला आहे. तेव्हापासून आमचा नियम: ड्रम गरम खोलीत ठेवायचा, ४० ते ४५ अंशांवर, मोठे बूच सैल करून, आणि थेट ज्योत किंवा वाफेची नळी कधीच नाही. बूच उघडताना चेहरा ड्रमच्या वर आणायचा नाही.

नंबरचा चष्मा हा गॉगल नव्हे; कडा बंद असलेला रसायनांचा गॉगलच हवा. डोळ्यात गेलेच तर पापण्या बोटांनी उघड्या धरून बारीक वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे धुवायचे. घड्याळ लावून, कारण चार मिनिटांत माणसाला वाटते की आता बरे आहे. कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असेल तर काढायची. मग डेटा शीट हातात घेऊन डॉक्टरांकडे. डोळे धुण्याचे पाणी ओतण्याच्या जागेपासून दहा सेकंदांत गाठता आले पाहिजे, वाटेत रिकामे ड्रम रचलेले नकोत.

हातांसाठी नायट्राइलचे हातमोजे. नायट्राइल आणि नायट्राइट हे शब्द जुळे वाटले तरी एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, हे मला दर वर्षी समजावून सांगावे लागते. सुती किंवा चामड्याचे मोजे घालण्यापेक्षा मोकळे हात बरे, कारण भिजलेला मोजा तेच रसायन दिवसभर कातडीला धरून ठेवतो. पण कूलंटवाल्या मशीनवर हा सल्ला उलटा फिरतो. फिरत्या स्पिंडलजवळ, ड्रिलजवळ हातमोजा घालायचा नाही. तो अडकला तर बोट नव्हे, हात जातो. तिथे कातडी वाचवायची ती दुसऱ्या मार्गाने: कूलंट ठरल्या टक्क्यालाच ठेवायचे. पाणी उडून जाते, अमाइड मागे राहते, आणि पाच टक्क्यांचे कूलंट उन्हाळ्यात गुपचूप नऊ टक्के होते. रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटर, वाचन गुणिले त्या कूलंटचा गुणांक, आणि भर घालताना साधे पाणी नाही की निव्वळ तेल नाही, तर पातळ कालवलेले मिश्रण. स्प्लॅश गार्ड जागेवर ठेवा, चिंध्या खिशात ठेवू नका, जेवणापूर्वी सौम्य साबणाने हात धुवा. हात केरोसीनने धुणारे अजून आहेत. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांतल्या भेगा बघितल्या की कोण ते लगेच ओळखू येते. सीडीईएची ॲलर्जी काहींना होते, आणि ती झाली की मात्रा कमी करून भागत नाही, त्या माणसाचे काम बदलावे लागते.

सांडले तर पहिली चूक म्हणजे पाण्याचा पाइप घेणे. फेस घोट्यापर्यंत येतो, फरशी बर्फासारखी निसरडी होते आणि सगळे गटारात जाते. आधी वाळू किंवा लाकडाचा भुसा टाका, फावड्याने खरवडून बंद डब्यात भरा, शेवटी उरलेला पातळ थर थोड्या पाण्याने पुसून घ्या. सीडीईए जिवाणू सहज पचवतात, पण पचेपर्यंत ते मासे आणि जलचरांना मारते. सांडपाणी प्रकल्पात एकदम मोठा डोस गेला तर एरेशन टाकी फेसाने ओसंडते. सांडलेले फरशीवरून उचलताना कोणी ब्लीच ओतत असेल तर हात धरा. अमाइन आणि हायपोक्लोराइट मिळून क्लोरअमाइनचा डोळे झोंबणारा वायू निघतो.

पर्यायांचे विचारले नाहीत, तरी दोन शब्द. लिक्विडसाठी मोनोइथेनॉलअमाइड, म्हणजे सीएमईए, हा जवळचा भाऊ. त्याचे अमाइन प्राथमिक असल्याने टिकाऊ नायट्रोसअमाइन बनत नाही. पण तो मेणासारख्या चकत्यांत येतो, ७० अंशांच्या आसपास वितळवून घालावा लागतो. दुसरा कोकअमिडोप्रोपिल बीटेन. त्यात डीईए नाहीच. मात्र नारळाची फसवणूक तिथेही आहेच: त्याच्या उरलेल्या कच्च्या अमाइनमुळे होणाऱ्या ॲलर्जीवरूनच अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने २००४ मध्ये त्याला वर्षाचा ॲलर्जन ठरवले. आणि ३० टक्के सक्रिय घटक असलेल्या बीटेनमध्ये पाच-सहा टक्के मीठ आधीच असते, म्हणजे तुमचा मिठाचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. भांड्यांच्या लिक्विडला मी आज बीटेन घेईन. कूलंटला सीडीईएच ठेवीन, पण सुपर अमाइड, आणि प्रत्येक ड्रमची अमाइन व्हॅल्यू स्वतः काढून.

राहिले रिकामे ड्रम. पिण्याच्या किंवा जनावरांच्या पाण्यासाठी नको. एचडीपीईच्या भिंतीत अमाइनचा वास मुरतो, आणि बुचाच्या आट्यांत राहिलेला चमचाभर माल दहा वेळा धुऊनही फेस देत राहतो. धुतलेले पाणी टाकू नका, पुढच्या लिक्विडच्या बॅचमध्येच घ्या. तेवढे सीडीईए फुकट मिळते. कूलंटचे ड्रम धुतलेले पाणी मात्र लिक्विडमध्ये घेऊ नका. दोन्ही ड्रम एकाच पिवळ्या रंगाचे असतील तर आजच एकावर पट्टा मारून घ्या.